ट्रॅकबॉल पारखताना: शेवटच्या चार पिक्सेलांची कसोटी

ट्रॅकबॉल म्हणजे माउसऐवजी वापरायचे उपकरण; ते स्वतः जागीच राहते आणि त्यातला चेंडू फिरवला की कर्सर सरकतो. असा ट्रॅकबॉल हाती आला की बहुतेक जण आधी चेंडूला जोराचा झटका देतात आणि कर्सर पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेलेला पाहून खूश होतात. या झटक्यातून उपकरणाविषयी फारसे काही कळत नाही, कारण मोकळा फिरणारा कोणताही चेंडू एवढे करून दाखवतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. कर्सर लक्ष्याजवळ आल्यावर उरलेले चार-दोन पिक्सेल सरकवून तो नेमका जागेवर आणणे, तेथे न डळमळता बटण दाबणे आणि बटण दाबून धरलेले असताना चेंडू फिरवत राहणे, या तीन क्रियांत चांगला ट्रॅकबॉल आणि सुमार ट्रॅकबॉल यांतला फरक उघड होतो. पुढील पारख मुख्यतः याच तीन क्रियांभोवती मांडली आहे. बाकीच्या बहुतेक बाबी त्यांच्या मानाने दुय्यम आहेत. अपवाद फक्त हाताच्या ठेवणीचा, आणि म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करणे योग्य.

हात कसा बसतो

ट्रॅकबॉलचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चेंडू उपकरणाच्या बाजूला असतो आणि तो अंगठ्याने फिरवतात. तर्जनी व मधले बोट नेहमीच्या माउसप्रमाणे बटणांवर राहतात. लॉजिटेकचे एमएक्स एर्गो आणि एर्गो एम५७५ हे या प्रकारचे परिचित नमुने असून त्यांचा चेंडू ३४ मिलिमीटर व्यासाचा आहे. दुसऱ्या प्रकारात चेंडू मधोमध किंवा बोटांखाली असतो आणि तो दोन-तीन बोटांनी फिरवतात; मुख्य क्लिक बहुधा अंगठ्याकडे येते. केन्सिंग्टनच्या एक्सपर्ट माउसचा चेंडू ५५ मिलिमीटरचा, त्याच कंपनीच्या ऑर्बिटचा ४० मिलिमीटरचा, तर एलेकॉमच्या ह्यूजचा ५२ मिलिमीटरचा आहे. माउसची सवय असलेल्याला अंगठ्याचा प्रकार लवकर जमतो, कारण बटणे ओळखीच्या जागी असतात. पण लवकर जमणे ही दीर्घकालीन सोयीची खूण मानू नये.

अंगठ्याची ताकद पकडीत आहे. बारीक दिशादर्शन हे त्याचे स्वाभाविक काम नव्हे. तो आत-बाहेर आणि वर-खाली सारख्याच सहजतेने हलत नाही, त्यामुळे अंगठ्याने फिरवलेल्या चेंडूने वर्तुळ काढायला घेतले तर सुरुवातीला हमखास लंबवर्तुळ उमटते. सरावाने यात सुधारणा होते, परंतु सगळा भार एकाच सांध्यावर राहतो ही गोष्ट सरावाने बदलत नाही. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या त्या बाजूला ज्यांना आधीपासून दुखते, विशेषतः डी क्वेर्वेन नावाने ओळखला जाणारा स्नायुबंधांचा त्रास ज्यांना होऊन गेला आहे, त्यांनी हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मनगटाच्या दुखण्यावर उपाय म्हणून ट्रॅकबॉल घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण मनगटावरचा भार उचलून तो अंगठ्यावर टाकला जाण्याची शक्यता खरी असते आणि दिवसभर मोबाइलवर टंकलेखन करणारा अंगठा आधीच थकलेला असतो.

बोटांच्या प्रकारात भार अनेक बोटांत वाटला जातो, पण त्याची अडचण दुसरीकडे आहे. मोठा चेंडू म्हणजे उंच उपकरण, आणि उंच उपकरणावर हात ठेवला की मनगट मागे, वरच्या बाजूला वाकते. हे तपासण्याची रीत सोपी आहे. खुर्चीत नेहमीच्या पद्धतीने बसावे, कोपर साधारण काटकोनात ठेवावे, हात उपकरणावर टेकवावा आणि दुसऱ्या कोणाला बाजूने पाहण्यास किंवा फोनने छायाचित्र घेण्यास सांगावे. हाताची मागची बाजू आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जवळपास एका रेषेत दिसला पाहिजे. मनगटापाशी ठळक कोन दिसत असेल तर मनगटाखाली आधाराची गादी ठेवून पुन्हा पाहावे. तरीही कोन राहत असेल तर ते उपकरण त्या हातासाठी उंच आहे, मग त्याची बाकी प्रशंसा कितीही ऐकलेली असो. याच वेळी अनामिका आणि करंगळी कोठे जातात तेही पाहावे. त्यांना टेकायला जागा नसेल तर ती नकळत हवेत धरली जातात आणि तासाभराने हात अवघडतो.

उपकरण कलते असेल तर तळहात टेबलाकडे सपाट न पडता किंचित उभा राहतो आणि अनेकांना ते सुखाचे वाटते. एमएक्स एर्गोमध्ये सपाट आणि २० अंश अशा दोन स्थिती मिळतात. अशी निवड असेल तर दोन्ही स्थितींत सलग काम करून मगच मत बनवावे. डावखुऱ्यांपुढे पर्याय कमी आहेत. अंगठ्याचे बहुतेक नमुने फक्त उजव्या हातासाठी घडवलेले असतात, तर दोन्ही बाजूंनी सारखे असलेले बोटांचे नमुने कोणत्याही हाताने चालतात, मात्र त्यांची बटणे अदलाबदल करता येतात ना, हे आधी पाहून घ्यावे.

चेंडू कशावर टेकला आहे

आता मूळ मुद्दा. चेंडू खोबणीत सरळ बसलेला नसतो; तो तीन लहानशा आधारबिंदूंवर तोललेला असतो. हे आधार बहुधा दोन-तीन मिलिमीटर व्यासाचे, कृत्रिम माणकाचे, सिरॅमिकचे किंवा पोलादाचे गोल मणी असतात आणि चेंडू त्यांच्यावरून घसरतो. काही उपकरणांत त्यांच्या जागी फिरत्या चाकांचे किंवा फिरत्या गोळ्यांचे बेअरिंग असते. ट्रॅकबॉलचा सगळा स्वभाव या तीन बिंदूंवर ठरतो, आणि आश्चर्य म्हणजे उत्पादनाच्या वर्णनात त्यांचाच उल्लेख सर्वांत कमी वेळा आढळतो.

थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा हलत असलेली वस्तू हलती ठेवायला कमी जोर पुरतो. या दोन जोरांतले अंतर मोठे असेल तर चेंडू आधी अडून बसतो, बोटाचा दाब वाढत जातो आणि मग तो एकदम सुटून हवा त्यापेक्षा पुढे जातो. लांबच्या हालचालीत हे मुळीच जाणवत नाही, कारण चेंडू फिरतच असतो. शेवटच्या चार पिक्सेलांत मात्र प्रत्येक हालचाल ही थांबलेल्या अवस्थेतून सुरू होते, आणि तेथे हा दोष सारखा आडवा येतो: कर्सर लक्ष्याच्या अलीकडे थांबतो, थोडे ढकलल्यावर पलीकडे उडी मारतो, आणि वापरणारा मात्र आपलाच हात चुकतो आहे अशा समजुतीत राहतो.

याची चाचणी अशी करावी. प्रणालीच्या सेटिंगमध्ये कर्सरचा वेग मध्यम ठेवावा आणि प्रवेग बंद करावा, म्हणजे चेंडू जेवढा फिरेल त्याच प्रमाणात कर्सर सरकेल. विंडोजमध्ये यासाठी ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून टाकावी लागते. चित्र काढण्याचा कोणताही साधा प्रोग्राम उघडून पडदा इतका मोठा करून पाहावा की एकेक पिक्सेल चौकोनासारखा दिसेल. मग कर्सर एका वेळी एकच चौकोन सरकवण्याचा प्रयत्न करावा: आधी आडवा, मग उभा, मग दोन्ही तिरक्या दिशांना. चेंडूवर बोट हलके ठेवून एकदा आणि जरा दाबून दुसऱ्यांदा हेच करावे, कारण काही उपकरणे हलक्या हाताखाली सुरेख चालतात आणि दाब वाढताच अडखळतात. तीन आधारांची मांडणी सर्व दिशांना सारखी नसल्याने एखाद्या विशिष्ट दिशेलाच अडखळ जाणवणे अगदी शक्य आहे, म्हणून तिरक्या दिशा गाळू नयेत. त्यानंतर रुपयाच्या नाण्याएवढे वर्तुळ शक्य तितक्या सावकाश काढावे. रेषा एकसंध आली तर उत्तम. ती ठरावीक जागी पायरीसारखी तुटत असेल तर अडचण आधारांत आहे, आणि सगळीकडे सारखीच थरथरत असेल तर ती बहुधा हाताच्या सवयीची आहे.

नव्या उपकरणाबाबत एक सूट द्यावी लागते. कोरा चेंडू पुष्कळदा चिकट वाटतो आणि हाताळून बोटांचे नैसर्गिक तेल त्याच्यावर पसरल्यावर मोकळा होतो. म्हणून पहिल्या तासात केलेली ही चाचणी काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा करावी आणि दुसरा निकाल खरा मानावा. चेंडूवर स्वयंपाकाचे किंवा यंत्राचे तेल लावण्याचे सल्ले अधूनमधून दिले जातात. ते टाळावेत, कारण तेल धूळ ओढते आणि ती धूळ नेमकी आधारांपाशीच साचते.

फिरत्या बेअरिंगचा चेंडू सुरुवातीचा अडथळा जवळजवळ दाखवत नाही आणि झटका दिला तर बराच वेळ फिरत राहतो. तरीही तो सरसकट श्रेष्ठ म्हणता येत नाही. चाकांचे बेअरिंग आपल्या फिरण्याच्या दिशेला सहज चालते, पण आडव्या दिशेला घासते. शिवाय त्याचा खरखर आवाज होतो आणि फार मोकळा चेंडू बोट उचलताना किंवा टेबलाला धक्का बसताना आपोआप हलतो. बारीक काम करणाऱ्याला किंचित, पण सर्व दिशांना सारखा विरोध करणारा चेंडू अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. विरोध किती आहे यापेक्षा तो एकसारखा आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

चेंडूचा आकार आणि सेन्सर

चेंडू मोठा असण्याने नेमके काय साधते, हे थोडा हिशेब केल्यास स्पष्ट होते. ३४ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूचा परीघ सुमारे १०७ मिलिमीटर भरतो आणि ५५ मिलिमीटरच्या चेंडूचा सुमारे १७३. सेन्सर ४०० डीपीआयचा असेल, म्हणजे चेंडूचा पृष्ठभाग एक इंच सरकला की तो ४०० मोजण्या पाठवत असेल, आणि प्रवेग बंद असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला पृष्ठभाग १२२ मिलिमीटर सरकावा लागतो. लहान चेंडूला त्यासाठी एका फेरीपेक्षा थोडे अधिक फिरावे लागते, तर मोठ्या चेंडूला सुमारे सात दशांश फेरी पुरते. अंगठ्याच्या एका हालचालीत सहसा पाव फेरीपेक्षा जास्त होत नाही, तेव्हा लहान चेंडूवर अंगठा चार-पाच वेळा उचलून ठेवावा लागेल. डीपीआय १६०० केला तर तेच अंतर पृष्ठभागाच्या साडेतीस मिलिमीटरांत, म्हणजे लहान चेंडूच्या पाव फेरीहून थोड्याशाच अधिक फिरण्यात उरकते. पण मग एक पिक्सेल हलवण्यासाठी बोटाला चौपट बारीक हालचाल करावी लागते.

लहान चेंडूची ही ओढाताण मोठ्या चेंडूत कमी होते, कारण तेथे बोटांना फिरायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि डीपीआय कमी ठेवूनही पडदा ओलांडता येतो. वजनदार चेंडू झटक्यानंतर स्वतःच्या गतीने पुढेही जातो. कॅनडाच्या नौदलाने १९५२ मध्ये डेटार या प्रकल्पात जो ट्रॅकबॉल वापरला त्यात चक्क तेथील फाइव्ह-पिन बोलिंगचा चेंडू बसवलेला होता. त्याआधी १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडार प्रणालीसाठी रॅल्फ बेंजामिन यांनी अशाच उपकरणाची कल्पना मांडली होती. उपकरण जागच्या जागी राहते आणि फक्त चेंडू फिरतो, हा गुण हेलकावणाऱ्या जहाजावर किती मोलाचा ठरत असेल हे सांगायला नको. सोनोग्राफीच्या यंत्रांवर ट्रॅकबॉल दिसतो तोही याच गुणामुळे.

डीपीआयचा मोठा आकडा पाहून भुलू नये. ट्रॅकबॉलला हजारो डीपीआयची गरज पडत नाही. त्याऐवजी दोन-तीन उपयोगी पायऱ्या आणि त्या बदलण्यासाठी हाताशी असलेले बटण अधिक कामाचे. काही उपकरणांत बटण दाबून धरल्यावर कर्सर तात्पुरता संथ होतो, आणि बारीक निवडीसाठी ही सोय फार चांगली आहे. जुन्या काही नमुन्यांचा सेन्सर चेंडूवरच्या ठिपक्यांची नक्षी वाचतो; अशा उपकरणात साधा, एकरंगी चेंडू बदली म्हणून घातल्यास कर्सर हलणारच नाही, हे सुटा चेंडू मागवण्यापूर्वी लक्षात घ्यावे. सेन्सरची तपासणी लहानशीच आहे: चेंडू हळू, मध्यम आणि शक्य तितक्या जोरात फिरवून कर्सर दिशा चुकवतो का किंवा जागीच थबकतो का, एवढे पाहिले की झाले.

क्लिक करताना कर्सर हलतो का

माउसवर क्लिक करताना हाताचे वजनच माउसला स्थिर धरते. ट्रॅकबॉलवर चेंडू मोकळा असतो आणि एका बोटाचा दाब शेजारच्या बोटातून त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. हे पाहण्यासाठी मघाचाच मोठा केलेला पडदा घ्यावा, कर्सर एका चौकोनात ठेवावा, बोट चेंडूवर असू द्यावे आणि नेहमीच्या गतीने पंधरा-वीस वेळा क्लिक करावे. कर्सर त्याच चौकोनात किंवा फार तर शेजारच्या चौकोनात राहायला हवा. मग दोनदा झटपट क्लिक करून तीच परीक्षा घ्यावी, कारण दोन क्लिकांच्या मध्ये कर्सर सरकला तर प्रणाली त्यांना डबल क्लिक मानत नाही आणि फाइल उघडत नाही.

या चाचणीत अंगठ्याचे नमुने सहसा बरे ठरतात, कारण क्लिक करणारे बोट आणि चेंडू फिरवणारा अंगठा हाताच्या दोन वेगळ्या बाजूंना असतात. बोटांच्या नमुन्यांत अंगठा जोर लावतो तेव्हा तळहात किंचित वळतो आणि बोटे त्याच्याबरोबर सरकतात. बटण कडक असेल तर हा परिणाम वाढतो. म्हणून बटणाचा जोर तपासताना बोटाला काय वाटते याबरोबरच क्लिकच्या क्षणी कर्सरचे काय होते, हेही पाहावे. बटण मध्यभागी, कडेला आणि कोपऱ्यात दाबून सगळीकडे सारखेच लागते का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

बटण धरून ओढणे

ट्रॅकबॉलचे सर्वांत दुबळे अंग हेच. स्कॉट मॅकेन्झी, अबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माउस, लेखणीची पाटी आणि ट्रॅकबॉल यांची निव्वळ नेम धरणे आणि ओढून नेणे अशा दोन्ही कामांत तुलना केली होती. दोन्हींत ट्रॅकबॉल तिसरा राहिला आणि ओढण्याच्या कामात त्याच्यावरच्या चुका विशेष वाढल्या. कारण शरीररचनेत आहे: जो हात बटण दाबून धरण्यासाठी ताणलेला असतो त्याच हाताच्या बोटांनी त्याच वेळी चेंडू मोकळेपणाने फिरवायचा असतो, आणि अंतर लांब असेल तर बटण न सोडता बोट उचलून पुन्हा ठेवायचे असते.

म्हणून ओढण्याची चाचणी कधीही वगळू नये. लांब मजकुरातला एक परिच्छेद एखाद्या शब्दाच्या मधल्या अक्षरापासून दुसऱ्या शब्दाच्या मधल्या अक्षरापर्यंत निवडून पाहावा. एक फाइल पडद्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यातल्या फोल्डरवर नेऊन सोडावी. चित्राच्या प्रोग्राममध्ये एखाद्या आकृतीला नेमका स्पर्श करणारी चौकट आखावी. बटण मध्येच सुटले का, आणि सोडण्याच्या क्षणी कर्सर सरकला का, या दोन गोष्टी प्रत्येक वेळी पाहाव्यात. ज्यांचे काम मुख्यतः वाचन, लेखन, दुवे उघडणे आणि तक्ते भरणे असे आहे त्यांना येथील थोडा उणेपणा चालून जाईल. जे दिवसभर व्हिडिओचे तुकडे ओढून जुळवतात किंवा आराखडे काढतात, त्यांच्यासाठी ही चाचणी निर्णायक आहे.

या दुबळेपणावर उपाय आहे: एकदा दाबल्यावर बटण दाबलेलेच मानले जावे आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर सुटावे, अशी व्यवस्था. विंडोजमध्ये ती ‘क्लिकलॉक’ या नावाने मिळते. काही ट्रॅकबॉलांत तिच्यासाठी एखादे बटण वेगळे नेमता येते, आणि ही दुसरी सोय कितीतरी चांगली, कारण क्लिकलॉकला दर वेळी क्षणभर थांबावे लागते. ओढण्याच्या चाचणीत नापास झालेले उपकरण या व्यवस्थेसह पुन्हा तपासावे. पुष्कळदा निकाल पालटतो.

स्क्रोल

स्क्रोलच्या तऱ्हा ट्रॅकबॉलमध्ये जितक्या आहेत तितक्या माउसमध्ये नाहीत. अंगठ्याच्या नमुन्यांत नेहमीचे चाक असते आणि त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे नाही. केन्सिंग्टनच्या एक्सपर्ट माउसमध्ये चेंडूभोवती कडे असते, तर स्लिमब्लेडमध्ये चेंडू उभ्या अक्षाभोवती पिळला की पान सरकते. कडे फिरवताना चेंडूला धक्का लागून कर्सर हलतो का, आणि चेंडू साधा फिरवताना उपकरण चुकून त्याला पीळ समजते का, हे अनुक्रमे तपासावे. ज्यात चाकही नाही आणि कडेही नाही, अशा उपकरणात एक बटण दाबून चेंडू फिरवला की पान सरकावे अशी सेटिंग करता येते. लिनक्सवर माउस-कीबोर्डसारखी उपकरणे हाताळणाऱ्या लिबइनपुट या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. सवय झाल्यावर हीच पद्धत मला सर्वांत सुखाची वाटते, कारण आडवे-उभे दोन्ही स्क्रोल एकाच हालचालीत होतात आणि बोट चेंडूवरून उठत नाही.

आकड्यांनी मोजायचे असेल तर

दोन उपकरणांत निवड करायची असेल किंवा आपला हात खरोखर सुधारतो आहे का हे पाहायचे असेल, तर मनाच्या ग्वाहीपेक्षा मोजमाप बरे. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार नेम धरायला लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. पुढे याच पायावर आयएसओ ९२४१ या मानकाचा नववा भाग २००० मध्ये आला आणि त्यातली चाचणी घरीही करता येते: पडद्यावर वर्तुळाकार मांडलेली विषम संख्येची लक्ष्ये असतात, आणि एकावर क्लिक केले की जवळजवळ समोरच्या बाजूच्या लक्ष्यावर जायचे, असे करत वर्तुळ पुरे करायचे. इंटरनेट ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अशा चाचण्या सहज सापडतात.

अवघडपणा मोजण्याचे सूत्र असे: अंतराला रुंदीने भागावे, त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या संख्येचा २ हा पाया धरून लॉगरिदम घ्यावा. ५१२ पिक्सेल अंतरावरचे ३२ पिक्सेल रुंद लक्ष्य असेल तर भागाकार १६, एक मिळवून १७ आणि अवघडपणा सुमारे ४.१ बिट. तेच लक्ष्य ८ पिक्सेलांचे केले तर अवघडपणा ६ बिटांवर जातो. या आकड्याला सरासरी वेळेने भागले की उपकरणाची कार्यक्षमता बिट प्रतिसेकंद अशी मिळते. काटेकोर मोजणीत लक्ष्याची आखलेली रुंदी न घेता प्रत्यक्ष क्लिक कितपत विखुरले ते पाहतात आणि त्यांच्या प्रमाणित विचलनाला, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरणीच्या मापाला, ४.१३३ ने गुणून रुंदी ठरवतात, म्हणजे घाई करून चुका करणाऱ्याला फुकटचे गुण मिळत नाहीत. मानकानुसार झालेल्या अभ्यासांत माउससाठी साधारण ३.७ ते ४.९ बिट प्रतिसेकंद असे आकडे आले आहेत, हे २००४ मध्ये सूकोरेफ आणि मॅकेन्झी यांनी एकत्र करून दाखवले.

पण आपल्या कामासाठी खरी तुलना स्वतःशीच करायची आहे. आपला नेहमीचा माउस आणि नवा ट्रॅकबॉल यांवर एकाच संगणकावर, त्याच अंतराने, एकदा मोठ्या आणि एकदा लहान लक्ष्यांवर चाचणी घ्यावी. मोठ्या लक्ष्यांवर दोन्ही जवळपास सारखे आणि लहान लक्ष्यांवर ट्रॅकबॉल बराच मागे, असे दिसले तर दोष आधारांत किंवा डीपीआयच्या निवडीत शोधावा. दोन्हींवर सारख्याच प्रमाणात मागे असेल तर सराव कमी पडतो आहे. सुरुवातीच्या दिवसांचे आकडे माउसच्या बाजूने झुकलेले असणारच, कारण त्यामागे अनेक वर्षांची सवय असते. दर आठवड्याला एकदा मोजून आलेख चढतो आहे की सपाट झाला आहे एवढेच पाहावे. तो सपाट होईपर्यंत निर्णय लांबवावा. याला एकच अपवाद आहे: नवे दुखणे सुरू झाले तर आलेखाची वाट पाहू नये आणि वापर लगेच थांबवावा.

सॉफ्टवेअर, जोडणी आणि निगा

बटणांची नेमणूक उपकरणाच्या स्वतःच्या स्मृतीत राहते की संगणकावर कंपनीचा प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागतो, हे आधी विचारावे. कार्यालयाच्या संगणकावर बाहेरचे प्रोग्राम घालण्याची परवानगी नसेल तर हा फरक फार मोठा ठरतो. प्लूपीसारख्या काही उपकरणांत क्यूएमके हे खुले फर्मवेअर (उपकरणाच्या आतच चालणारा प्रोग्राम) असते आणि जवळजवळ सर्व वर्तन उपकरणातच बदलता येते, अर्थात त्यासाठी थोडी खटपट करण्याची तयारी हवी. तार की बिनतारी, हा प्रश्न माउसइतका महत्त्वाचा नाही, कारण ट्रॅकबॉल हलतच नसल्याने तारेचा अडथळा होत नाही.

निगेची बाब मात्र रोजच्या सुखाशी जोडलेली आहे. चेंडू हत्याराविना, खालच्या छिद्रातून बोटाने ढकलून किंवा कडे फिरवून बाहेर निघाला पाहिजे. स्क्रू काढावे लागत असतील तर सफाई टळत जाणार हे निश्चित. चेंडू काढल्यावर तीन आधारांवर राखाडी मळाच्या लहान गाठी दिसतात. त्या काडीने किंवा कापसाने निघतात, आणि चेंडू कोरड्या मऊ फडक्याने पुसला की पुरे. सेन्सरची खिडकीही त्याच वेळी पुसावी.

जुने उपकरण घेताना चेंडूच्या चकाकीकडे न पाहता याच तीन आधारांकडे पाहावे. चेंडू काढून खोबणीत तिरका उजेड टाकावा आणि भिंगातून प्रत्येक मण्याचे टोक तपासावे. टोक गोल असेल तर ठीक. त्याच्यावर सपाट, चमकदार ठिपका पडला असेल तर मणी झिजला आहे आणि सफाईने अडखळ जाणार नाही. पोलादी मण्यांत अशी झीज माणिक किंवा सिरॅमिकच्या मण्यांपेक्षा लवकर होते. अनेक नमुन्यांत हे मणी नुसतेच दाबून बसवलेले असतात, तेव्हा ते खालून ढकलून काढून त्याच व्यासाचे सिरॅमिकचे नवे मणी बसवता येतात. ते चिकटवलेले किंवा साच्यातच घट्ट रोवलेले असतील तर झिजलेले उपकरण घेऊ नये.